'आभाळ' हा शब्द खरेच झिजला आहे का?

एका शाळेच्या हस्तलिखितासाठी आलेल्या कविता तपासण्याचे काम मध्यंतरी आमच्याकडे आले. आम्ही व्यवसायाने संशोधक. कवितेशी आमचा संबंध केवळ वाचकाचा. तरीही मुख्याध्यापकांनी आग्रह केला आणि आम्ही होकार दिला. गठ्ठा वाचायला घेतल्यावर थोड्याच वेळात एक गोष्ट ध्यानात आली. कवितेचा विषय आई असो, पाऊस असो की शाळेचा शेवटचा दिवस असो, फिरून फिरून तेच शब्द येत होते : आभाळ, चांदणे, क्षितिज, पाखरू, मोरपीस, ओंजळ, गंध, वेदना, हळवे. आम्ही एका कागदावर अशा शब्दांची यादी केली, तिला 'झिजलेले शब्द' असे नाव दिले आणि यादीतला शब्द आला की त्या कवितेचा एक गुण कापत गेलो. निकष ठरलेला, मोजणी सोपी आणि सर्वांना नियम एकच. हे सारे आम्हाला अगदी शास्त्रीय वाटले.

नववीतल्या एका मुलीची कविता उन्हाळ्यात गावात येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर होती. गावात आता आभाळाकडे कोणी पाहत नाही, सगळ्यांचे कान रस्त्याकडे लागलेले असतात, अशा अर्थाची तिची एक ओळ होती. 'आभाळ' आमच्या यादीत होते. आम्ही गुण कापला आणि निकालात ती कविता मागे पडली. मराठीच्या बाईंनी निकाल पाहिला आणि शांतपणे विचारले, "सर, या ओळीतला 'आभाळ' काढून तुम्ही कुठला शब्द घालाल?" आम्हाला उत्तर देता आले नाही. निकाल तोवर फळ्यावर लागला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. एखादा शब्द कवितेत वारंवार वापरल्याने झिजतो, असे समीक्षक म्हणतात, शिक्षक म्हणतात, आम्हीही म्हणत होतो. पण झिजतो म्हणजे नेमके काय होते? झीज शब्दात होते की वाचणाऱ्याच्या मेंदूत? माणूस भाषा कशी ग्रहण करतो याविषयी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत बरेच प्रयोग झाले आहेत. आमची यादी त्यांच्यापुढे टिकते का, ते पाहू.

तीस सेकंदांचा प्रयोग

झिजलेल्या शब्दांविषयी बोलताना एक दाखला हमखास दिला जातो. एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला की त्याचा अर्थ नाहीसा होतो, हे मानसशास्त्राने दाखवले आहे. म्हणून कवितेतही वारंवार आलेला शब्द अर्थ गमावतो, असा हा युक्तिवाद. यातला पहिला भाग खरा आहे आणि तो कोणत्याही वर्गात पडताळून पाहता येतो. मुलांना 'वांगे' हा शब्द मोठ्याने, भरभर, तीस सेकंद म्हणायला सांगा. काही वेळाने त्यातले वांगे निघून जाते आणि 'गेवां-गेवां' असा नुसता आवाज उरतो. अमेरिकेत १९०७ साली सेव्हरन्स आणि वॉशबर्न या दोन संशोधक स्त्रियांनी छापील शब्दाकडे टक लावून पाहिल्यास असेच होते, असे नोंदवले. पुढे १९६२ साली लिऑन जेकोबोविट्स यांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात या विषयावर प्रबंध लिहिला. या परिणामाला 'सिमँटिक सॅटिएशन' म्हणतात. मराठीत आपण त्याला अर्थतृप्ती म्हणू.

दुसरा भाग मात्र चुकीचा आहे. अर्थतृप्ती घडते ती लागोपाठच्या पुनरुक्तीने, आणि ती थोडा वेळच टिकते. प्रयोगानंतर मधल्या सुट्टीत त्याच मुलांना डब्यातली वांग्याची भाजी ओळखायला काही अडचण येत नाही. जूनमध्ये एका कवितेत वाचलेले आभाळ जानेवारीत दुसऱ्या कवितेत भेटते, तेव्हा ही अर्थतृप्ती कारण म्हणून पुढे करता येत नाही. शिवाय नुसत्या वापराने अर्थ उडाला असता, तर सगळ्यात आधी 'पाणी', 'आई', 'भूक', 'घर' हे शब्द निकामी झाले असते. ते तर अजून पूर्ण ताकदीने काम करत आहेत.

वापराने शब्द तेज होतो

शब्दांच्या वापराचा हिशेब हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज झिफ यांनी १९३५ आणि १९४९ सालच्या आपल्या ग्रंथांतून मांडला. कोणताही मोठा मजकूर घेऊन त्यातले शब्द वापराच्या क्रमाने लावले, तर दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या सुमारे निम्म्या वेळा, तिसरा सुमारे एकतृतीयांश वेळा येतो. म्हणजे मोजके शब्द फार राबतात आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचित दिसतात. ही विषमता कवितेपुरती नाही. वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात आणि आपल्या बोलण्यातही ती असते. थोडक्यात, काही शब्द पुन्हा पुन्हा येणारच.

असे राबणारे शब्द बोथट होतात का? १९५१ साली हॉवेस आणि सॉलोमन यांनी पडद्यावर क्षणभर शब्द दाखवून तो ओळखायला किती वेळ पुरतो हे मोजले. जास्त वापरातले शब्द अधिक थोड्या वेळात ओळखले गेले. पुढे अनेक भाषांत, अनेक पद्धतींनी हाच परिणाम दिसून आला. म्हणजे रोज घासलेल्या भांड्याप्रमाणे रोजचा शब्द अधिक स्वच्छ दिसतो. नुसती वारंवारता हा झिजेचा पुरावा होऊ शकत नाही. आमच्या यादीचा पायाच इथे खचतो, कारण आम्ही मोजत होतो ती वारंवारताच.

आधीच ओळखलेला शब्द

मग त्या गठ्ठ्यातल्या कविता वाचताना कंटाळा का आला? तो तर खराच होता. याचे उत्तर शब्द किती वेळा येतो यापेक्षा तो कुठे येतो यात आहे.

क्लॉड शॅनन या अभियंत्याने १९५१ साली एक साधा खेळ केला. मजकुराचा काही भाग दाखवायचा आणि पुढचे अक्षर ओळखायला सांगायचे. इंग्रजीची सव्वीस अक्षरे सारख्याच शक्यतेने येत असती, तर प्रत्येक अक्षरामागे ४.७ बिट माहिती मिळाली असती. पण वाचक पुढचे अक्षर इतक्या वेळा बरोबर ओळखतात, की दर अक्षरामागे मिळणारी खरी माहिती सुमारे १ बिटच भरते, असा शॅननचा अंदाज निघाला. माहितीची ही व्याख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे आधीच ओळखता येते, ते सांगून फारसे काही सांगितले जात नाही.

दोनच वर्षांनी, १९५३ साली, विल्सन टेलर यांनी याच कल्पनेवरून उताऱ्यातले शब्द गाळून वाचकांना ते भरायला सांगण्याची रीत बसवली. आपल्या 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नाची ही शास्त्रीय बहीण. एखाद्या जागी शंभरपैकी किती जण तोच शब्द भरतात, यावरून त्या जागचा शब्द किती अपेक्षित आहे हे ठरवता येते.

वाचणारा डोळाही ही अपेक्षा पाळतो. आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारत जाते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. १९८१ साली एर्लिक आणि रेनर यांनी दाखवले, की अपेक्षित शब्दावर नजर कमी वेळ थांबते आणि पुष्कळदा तो ओलांडूनच पुढे जाते. मेंदूच्या विद्युत लहरींतही हे दिसते. सॅन दिएगो येथील मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी १९८० साली लोकांना एकेक शब्द दाखवत वाक्ये वाचायला दिली. त्यांतली काही वाक्ये 'गरम पोळीवर मोजे वाढले' या धर्तीची होती. विसंगत शब्द दिसल्यानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्यावरील विद्युत नोंदीत एक ठळक ऋण लहर उमटली. १९८४ साली त्यांनीच पुढे दाखवले, की वाक्य विसंगत नसले तरी शब्द जितका कमी अपेक्षित तितकी ही लहर मोठी, आणि जितका अधिक अपेक्षित तितकी लहान.

आता त्या गठ्ठ्याकडे परत येऊ. 'निळे निळे' असे लिहून जागा रिकामी सोडली, तर वर्गातली बहुतेक मुले तिथे 'आभाळ' भरतील. त्या जागी आभाळ लिहिणाऱ्या कवीने वाचकाला काही दिले नाही. वाचकाने ते आधीच मनात भरले होते. पण 'गावात आता कोणी' यानंतर आणि 'पाहत नाही' याच्या आधी काय येईल? कोणी 'टीव्ही' म्हणेल, कोणी 'वाट', कोणी 'एकमेकांकडे'. तिथे आलेले आभाळ वाचकाला क्षणभर थांबवते. पावसाची वाट पाहणारे गाव आणि पावसाची आशा सोडलेले गाव यांतला फरक त्या एका शब्दात आहे. शब्द तोच, पण एका जागी रिकामा आणि दुसऱ्या जागी भरलेला. आमच्या यादीला हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

रूपकाचे आयुष्य

झिजेचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मात्र खरा आहे. झिजतात ती रूपके. हे आपल्याकडील काव्यशास्त्राला फार पूर्वीच माहीत होते. अकराव्या शतकातील काश्मीरचा मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेचे दोन प्रकार सांगितले : एक रूढीने आलेली आणि दुसरी काही प्रयोजनासाठी मुद्दाम योजलेली. रूढीचे त्याचे उदाहरण 'कुशल' हे आहे. कुश म्हणजे दर्भ, आणि कुशल म्हणजे मुळात तो नीट तोडून आणणारा. दर्भाची पाती धारदार असते. हात न कापता ती तोडायला कसब लागते. आज 'कुशल कारागीर' म्हणताना कोणालाही दर्भ आठवत नाही. 'प्रवीण' या शब्दातली वीणा अशीच विरून गेली. 'निष्णात' म्हणजे मुळात नीट न्हालेला. आणि आम्ही संशोधक ज्याला 'गवेषणा' म्हणतो ती मुळात गायींचा शोध!

आधुनिक मानसशास्त्राने हेच प्रयोगाने तपासले. बाउडल आणि गेंटनर यांनी २००५ साली मांडले, की नवे रूपक वाचताना मेंदू दोन गोष्टींची तुलना करतो. ते रूढ झाले की तुलना संपते आणि शब्दाला एक जादा अर्थ कायमचा चिकटतो. २०११ साली देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या कृतींवर आधारलेली रूपके वाचणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. रूपक जितके अपरिचित, तितका हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. परिचय वाढला तशी ती सक्रियता कमी. एका अभ्यासावर फार मोठा इमला रचू नये, पण त्याची दिशा मम्मटाच्या निरीक्षणाशी जुळते.

रूपक झिजणे हे मात्र नेहमी नुकसान नसते. विज्ञानाची भाषा अशा झिजलेल्या रूपकांवरच उभी आहे. विजेचा 'प्रवाह', चुंबकाचे 'क्षेत्र', प्रकाशाचे 'तरंग' हे शब्द नदीतून, शेतातून आणि तळ्यातून आलेले आहेत. विज्ञानाच्या शिक्षकाला उलटीच अडचण येते. मुलाच्या मनात रूपक पुरेसे झिजलेले नसते, म्हणून तारेतली वीज पाण्यासारखी गळेल की काय, असे त्याला वाटते. जो शब्द मराठीच्या तासाला जिवंत हवा, तोच विज्ञानाच्या तासाला थोडा झिजलेला हवा.

अनपेक्षित म्हणजे चांगले का?

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग वाचकाला ओळखता येणार नाहीत असेच शब्द योजावेत. हे खरे नाही. पोळीवरचे मोजे अत्यंत अनपेक्षित आहेत, पण ती कविता नव्हे. शब्द वाचण्यापूर्वी सुचू नये, आणि वाचल्यावर मात्र तिथे तोच हवा होता असे वाटावे, ही दुहेरी अट आहे. यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाला अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने 'औचित्य' म्हटले. मेंदूतली ४०० मिलिसेकंदांची लहर पहिला भाग मोजते. दुसरा मोजण्याचे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नाही.

शिवाय पुष्कळ कविता ओळखीच्या शब्दांसाठीच ऐकली जाते. अभंगाचे पालुपद परत येते तेव्हा ते येणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच सगळे मिळून गाऊ शकतात. जात्यावरच्या ओव्यांत ठरलेली संबोधने आणि ठरलेली वळणे असतात. गी पॉइतव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ठरलेल्या सुरुवातीच्या आधारावर दळणारी बाई आपले स्वतःचे दुःख किंवा कौतुक शेवटी घालते. होमरच्या महाकाव्यांत तेच ते शब्दसमूह पुन्हा पुन्हा का येतात याचा उलगडा मिलमन पॅरी या अभ्यासकाने १९२८ पासून केला, तोही असाच. तोंडी रचना करणाऱ्याला हे तयार तुकडे विटांसारखे लागतात. तेव्हा ओळखीचा शब्द हा दोष ठरवण्याआधी तो कशासाठी आला आहे, हे पाहिले पाहिजे.

आपल्या कवींच्या परंपरेत अशा तयार विटांना 'कविसमय' म्हणत. राजशेखराने इसवी सन ९०० च्या सुमारास 'काव्यमीमांसे'त त्यांची नोंद केली आहे. चकोर चांदणे पितो, हा त्यांतलाच एक संकेत. प्रत्यक्षात चकोर हा तित्तिरांच्या कुळातला, बिया आणि किडे खाणारा डोंगराळ भागातला पक्षी. संकेत म्हणून तो कवितेत येण्याला हरकत नाही. अडचण होते ती ज्या मुलाने चकोर कधी पाहिला नाही, पण दारातली टिटवी रोज ऐकली, ते मूल कविता लिहायला बसल्यावर टिटवी सोडून चकोर लिहिते तेव्हा. इथे शब्द झिजलेला नसतो. मुलाने स्वतः पाहिलेले मात्र कागदावर येत नाही.

मराठी कवितेच्या इतिहासातही हे दिसते. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींची विडंबने केली. विडंबन हा एका अर्थी शॅननचाच खेळ आहे; ज्याचा पुढचा शब्द ओळखता येतो, त्याचेच विडंबन करता येते. १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या आणि यंत्रे, उंदीर यांसारखे शब्द मराठी कवितेत ठळकपणे दिसू लागले. त्यांनी वाचक दचकला. पण पुढे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती तेही शब्द अपेक्षित होऊन बसले. शहरावरची कविता म्हटली की सिमेंट, लोकल आणि गर्दी येणार, हे आज शाळकरी मूलही सांगेल. शब्दांची यादी बदलून हा प्रश्न सुटत नाही, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

वर्गात काय करता येईल

शिक्षकांसाठी तीन सोपे उपक्रम सुचवतो.

पहिला, रिकाम्या जागेचा. मुलांच्याच कवितेतला एक शब्द झाकून ती ओळ फळ्यावर लिहावी आणि प्रत्येकाला तो शब्द गुपचूप कागदावर लिहायला सांगावे. समजा वर्गात ४० मुले आहेत. २० जणांनी मूळ शब्द ओळखला, तर त्याची शक्यता १/२ आणि माहिती १ बिट. ५ जणांनी ओळखला तर शक्यता १/८ आणि माहिती ३ बिट. सगळ्यांनी ओळखला तर माहिती शून्य. गणिताच्या शिक्षकांनाही हा तास आवडेल.

दुसरा, बदलाचा. झाकलेल्या जागी मुलांनी सुचवलेले शब्द एकेक करून घालून पाहावेत आणि ओळीचा अर्थ कसा बदलतो यावर चर्चा करावी. जिथे कोणताही शब्द चालतो, तिथे मूळ शब्द फुकट गेलेला असतो. बाईंनी आम्हाला विचारलेला प्रश्न तो हाच.

तिसरा, मोबाइलचा. आजच्या मोबाइलवर मराठीत टाइप करू लागले की पुढचा शब्द आपोआप सुचवला जातो. यंत्र हे काम पूर्वी वाचलेल्या मजकुरावरून शक्यता मोजून करते. तीन ओळी लिहून प्रत्येक वेळी यंत्र काय सुचवते आणि आपण काय लिहिले असते, याची मुलांनी वहीत नोंद करावी. यंत्राचा शब्द घेण्यात चूक नाही; पण तो घेतला, हे कळले पाहिजे.

या तिन्हींत कोणताही शब्द बाद ठरत नाही. आभाळ, चांदणे, पाऊस हे शब्द मुलांकडून काढून घेण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. दुष्काळी गावातल्या मुलीला आभाळाविषयी जे ठाऊक असते, ते आम्हाला नसते.

आम्ही शाळेला पत्र लिहून आमची चूक कळवली. निकाल बदलणे योग्य नव्हते, पण ते पत्र बाईंनी वर्गात वाचून दाखवले. यंदाच्या हस्तलिखितासाठी त्या मुलीने काही दिलेले नाही, असे बाई सांगत होत्या. त्याचे कारण आमचा तो एक गुण होता की दहावीचा अभ्यास, हे आम्ही विचारलेले नाही. कविता तपासण्याचे निमंत्रण पुन्हा आले आहे. या वेळी यादी नेणार नाही. प्रत्येक कवितेतला एक शब्द झाकून बाईंबरोबर वाचायचे ठरवले आहे. आपणही आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहावा आणि मुलांनी कोणत्या जागी कोणते शब्द भरले ते आम्हाला जरूर कळवावे.